रॉकेलच्या लाईनीतलं आदिकारण

रांगेत सगळ्यांत पुढे एक वीट होती. विटेमागे फुटका डबा, त्यामागे एक दगड, आणि मग कुठे माणसं सुरू होत होती. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात रॉकेलची गाडी यायची त्या दिवशी अशीच रांग लागायची. नंबर लावून बाया घरी भाकऱ्या टाकायला जायच्या आणि विटेचा मान कुणी मोडत नसे. सुगंधा तावडे मात्र जातीनं उभी होती, हातात डबा आणि ओठांत भाषण घेऊन. रविवारी वाचनालयाच्या वादसभेत तिला बोलायचं होतं. विषय होता, विश्वाला आदिकारण हवंच का?

"प्रत्येक रांगेला पहिला माणूस असतोच..." ती पुटपुटली.

"इथे तर वीट आहे," मागून आवाज आला.

सुगंधानं वळून पाहिलं. दुमडलेल्या बाह्या, ओठांच्या एकाच कोपऱ्यात अडकलेलं हसू, आणि हातात कोराकरकरीत डबा.

"वीट काय चालत आली? ठेवली ना कुणीतरी? ती पहिली."

"आणि तिला कुणी पाठवलं?"

"तिच्या सासूनं."

"सासूला कुणी—"

सुगंधाला हसू आलं, आणि आलं म्हणून तिला रागही आला. त्यानं आपणहून नाव सांगितलं, सहदेव परब. राहणार घाटकोपर. आता घाटकोपरचा माणूस विक्रोळीच्या रॉकेलच्या रांगेत काय करतोय, हे कुणाच्याही डोक्यात आलं नसतं. पण सुगंधाच्या आलं. ती पंख्याच्या कारखान्यात तपासणी खात्यात होती. पंखा जरा डुगडुगला की तो का डुगडुगला हे शोधून काढल्याशिवाय तिला जेवण जात नसे.

"कार्ड कुठाय तुमचं?" तिनं विचारलं.

त्यानं एक खिसा चाचपला, मग दुसरा. "घरी राहिलं वाटतं..." असं म्हणत तो रिकामा डबा घेऊन चालता झाला. जाताना एकदा मागे वळून बघितलं मात्र. तेही सुगंधाला संशयास्पदच वाटलं, कारण ती स्वतःही तेव्हा त्याच्याकडेच बघत होती.

रविवारी तो वाचनालयात हजर. वादसभा चालवणारे अण्णा निवृत्त मास्तर होते आणि त्यांना विरोधी बाजूनं बोलणारा मिळतच नव्हता. सहदेवनं हात वर केला. सुगंधा म्हणाली, रांगेतला प्रत्येक जण पुढच्याच्या हलण्याची वाट बघत राहिला तर रांग कधी हलणारच नाही. न वाट बघता हलणारा एक तरी हवा. सहदेव शांतपणे म्हणाला की त्या एकाला जर कारण लागत नसेल, तर ती सवलत सबंध विश्वालाच द्यायला काय हरकत आहे? काही गोष्टी नुसत्या असतात, बाईसाहेब. हे म्हणताना तो अण्णांकडे नव्हे, तिच्याकडे बघत होता. अण्णांना एवढा आनंद झाला की त्यांनी वाद पुढच्या रविवारवर टाकला, आणि तिथून त्याच्याही पुढच्या.

सभा संपली की तो तिच्याबरोबर हायवेच्या स्टॉपपर्यंत चालायचा. खाडीवरून वारा यायचा, तिच्या पदराचं टोक उडून त्याच्या हाताला लागायचं आणि दोघंही ते लागलंच नाही असं दाखवायचे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलं नाही. सुगंधाला तो आवडायला लागला होता. अगदी जीव जडावा इतका. आणि म्हणूनच तिचा संशय वाढत चालला होता.

कारण तसंच होतं. मागच्या वर्षी तिचं एक लग्न ठरता ठरता मोडलं होतं. मुलाकडच्यांनी रीतीप्रमाणे गुपचूप चौकशीला माणूस पाठवला, त्यानं शेजारीपाजारी, वाण्याकडे विचारपूस केली आणि जाऊन सांगितलं, मुलगी उलट बोलते. बस्स, बोलणी बंद. तो माणूस कोण होता हे तिला अजून माहीत नव्हतं. आणि आता मुलुंडच्या एका घरी पुन्हा बोलणी सुरू होती.

तेवढ्यात शेजारच्या कुंदानं सांगितलं, "अगं, तो तुझा वादवाला ना, रॉकेलच्या दिवशी सकाळी वाण्याकडे तुझंच विचारत होता. स्वभाव कसा, घरी कोण कोण..."

सुगंधानं मनातल्या मनात सगळं जुळवून पाहिलं. नवा डबा, नसलेलं कार्ड... आणि 'काही गोष्टी नुसत्या असतात' म्हणे.

त्या रविवारी स्टॉपवर तिनं दोन बसगाड्या जाऊ दिल्या.

"त्या दिवशी रांगेत का उभा होतास?"

"असंच..."

"असंच काही नसतं, सहदेव. तुला मुलुंडहून पाठवलं होतं ना?"

त्याच्या ओठांवरचं हसू गेलं. रस्त्याकडे बघत त्यानं सगळं सांगितलं. मुलुंडचा मुलगा चंद्रप्रकाश त्याच्याच ऑफिसातला मित्र. त्याची आई म्हणाली, तू जाऊन मुलगी कशी आहे ते बघून ये. काम एका सकाळचं होतं. संध्याकाळी निरोप द्यायचा होता, तर हा म्हणाला, अजून नीट कळलं नाही. पुढच्या आठवड्यातही तेच.

"म्हणजे मला तपासायला आला होतास. पंख्यासारखं."

"पहिल्या दिवशी, हो."

"आणि निरोप काय दिलास?" वाईट सांगितलं असेल तर त्यानं तिचं नाव घालवलं होतं. चांगलं सांगितलं असेल तर... तर त्यानं तिला सरळ दुसऱ्याच्या हवाली केलं होतं. दोन्हीतलं काय जास्त लागेल, हे तिचं तिलाच कळेना.

"काल सांगितलं. मुलगी उलट बोलते, आणि फार छान बोलते. पण मी आता चौकशी करणारा उरलो नाही... मलाच ती हवी आहे. चंद्रप्रकाश माझ्याशी बोलत नाही आता."

सुगंधा उठली आणि आलेल्या बसमध्ये चढली. ती बस कुठली होती ते तिनं पुढच्या स्टॉपवर वाचलं.

घरी पोचेपर्यंत तिनं सगळ्या बाजूंनी विचार केला. हीसुद्धा चौकशीच असली तर? पोरगी पाघळते का बघायला मुलुंडकरांनीच हे करवलं असलं तर? पण मग त्याचा तो उतरलेला चेहरा? तो कुणी करवणार? तिनं पुन्हा पुन्हा खोट शोधली. सापडली नाही, आणि रात्रीचं जेवणही गेलं नाही.

दोन दिवसांनी मुलुंडहून नकार आला. तिचे वडील गुणाजी चप्पल काढायच्या आधीच गरजले, "मुलुंडकारांनी नको म्हणान कळवलानी. काय केलंस गो?"

सुगंधानं काही लपवलं नाही. रांग, वादसभा, चौकशी, निरोप, सगळं सांगितलं आणि शेवटी भिंतीकडे बघत म्हणाली की लग्न करीन तर त्याच्याशीच. आई पदर तोंडाला लावून दारात उभी राहिली. गुणाजी खुर्चीवर बसले.

"चौकशीक इल्लो माणूस तो. खोटा बोललो तुझ्याशी."

"हो."

"मगे तोच कित्याक?"

सुगंधानं तोंड उघडलं. इतके रविवार तिनं भर सभेत ठासून सांगितलं होतं की कारणाशिवाय काही होत नाही. आता एक तरी कारण द्यायला हवं होतं. त्याची नोकरी? ती त्याच्या मित्राचीही होती. त्याचं बोलणं? त्यावर तर ती दर रविवारी चिडत होती. शोधून शोधून तिचे डोळे भरून आले.

"माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही."

गुणाजींनी दारातल्या बायकोकडे एकदा चोरून पाहिलं.

"हिका बघलंय तेव्हा माका तरी खंय म्हायत होता," ते हळूच म्हणाले. "हाड त्येका घराक."

घरी घेऊन ये म्हणाले, इतक्या सहज? सुगंधाला क्षणभर संशय आला... आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिनं तो तसाच सोडून दिला.