वजा केलेला हात

शनिवारी दुपारी जेवण आटोपून ती प्रयोगशाळेत आली, ती एवढ्याचसाठी की बंद टाकीतल्या अंधाराचं शेवटचं चित्र टिपायचं, बोर्ड टाकीसकट पेटीत घालायचा आणि सुटायचं.

त्यांच्या दुर्बिणीचा डोळा ताऱ्यांची ऊब टिपायचा. पण ती ऊब इतकी पुसट, की ती वाचणाऱ्या बोर्डाची स्वतःचीच खरखर तिला गिळून टाकायची. ही खरखर घालवण्यात तिची तीन वर्षं गेली होती. बोर्डावरचं सगळं सोल्डरिंग मामांच्या हातचं. मामा म्हणजे तिथले जुने कारागीर, साऱ्या जगाचे मामा. दवाखान्यातून त्यांनी बजावलं होतं, "बोर्ड गप्प झाला की मला बोलाव, पोरी. नाही बोलावलंस तर मीच तुला बोलावीन!" बोर्ड गप्प झाला, तेव्हा तिला वाटलं, आणखी एकदा तपासू, मग सांगू. तेवढ्यात मामाच गेले. ती रुखरुख तिच्या मनातून जात नव्हती.

डोळा नि बोर्ड ज्या टाकीत होते, तिचं झाकण घट्ट होतं, आत हाडं गोठवणारी थंडी. चित्र कोरं काळं यायला हवं. आलंही तसंच, फक्त मधोमध एक उबदार डाग. तिने शंभर चित्रांची सरासरी काढली. खरखर विरली, डाग मात्र उमटत गेला. पंजा होता. करंगळी अर्धी.

मामांची अर्धी करंगळी तरुणपणीच यंत्रात गेली होती.

तिने सरांना फोन लावला. "सर, अंधारात... हात दिसतोय."

"कुठला हात नि कुठलं काय! उजेड गळत असेल कुठूनतरी."

"टाकी उघडून बघू?"

"उघडलीस तर पुन्हा थंड व्हायला आठवडा. दुर्बिणीकडे जाणारा ट्रक उद्या निघतोय. मग जुनाच बोर्ड जाईल, बघ. वजा कर आणि पाठव."

त्यात वावगं काही नव्हतं. अंधारात जे दिसतं ते पुढच्या प्रत्येक चित्रातून वजा करायचं, हा या धंद्यातला रिवाजच. तीन वर्षं पाण्यात घालायची तिची छाती झाली नाही. तिने मामांना वजा केलं, टाकी न उघडताच पेटीत घातली, दिवे घालवले आणि घरी गेली.

दोन महिन्यांनी दुर्बिणीवरच्या माणसाचा फोन आला. "बाई, बोर्ड म्हणजे सोनं आहे सोनं! चित्रात एका जागी मात्र पंज्याच्या आकाराचं भोक पडतं. तिथे एकही तारा येत नाही."

तिला हायसंच वाटलं. आत हात उरला नसेल, तर नसलेलं वजा करून भोक पडणारच. "चूक माझी आहे. वजाबाकीची फाईल काढून टाका."

"काढली हो, सोमवारीच." तो जरा घुटमळला. "भोक जात नाही. आणि... सोमवारी पंजा सपाट होता. आता बोटं रोज थोडी आत वळतायत. कुणाला तरी ये, ये म्हणावं तशी."