एकोणीस चुका

लिफ्ट बंद होती, म्हणून ती दोघं भेटली. तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर ती दम खात उभी होती. मागून आलेल्या त्यानं ओळख ना पाळख, विचारलं, "अहो, इंग्रजीत वेबसाइटला 'इन' लावायचं की 'ऑन'?"

"ऑन. पेजलाही ऑन. चॅटला, ग्रुपला इन. पत्त्याला ॲट. आता सरकता का जरा?"

तो नवा लेखक निघाला. एका ऑनलाइन दुकानासाठी मदतीची पानं लिहायचा, आणि त्यांतलं इंग्रजी ती तपासायची. सहा वर्षं तेच ते करून डोळे चुरचुरायचे, मान धरायची. ऑफिसात तिचं नाव पडलं होतं लालपेन. पान बिनचूक असलं की थेट पुढे जाई. चुकलं की लेखकानं लालपेनपाशी बसून ते सुधारायचं, असा रिवाज होता.

तो रोज चार वाजता खुर्ची ओढून बसू लागला.

"पुन्हा 'इन द वेबसाइट'? कालच सांगितलं ना?"

"तुमच्यासमोर पटतं हो… इथून उठलो की जातं."

बोलता बोलता तो तिच्या स्क्रीनचा उजेड कमी करून द्यायचा, न विचारता. ती साडेतीनपासूनच घड्याळ बघायला लागली. स्वतःवरच चिडायची, पण बघायची.

मग एक दिवस ऑफिसच्या ग्रुपमध्ये एका नवख्या मुलीनं तोच प्रश्न विचारला, आणि त्यानं उत्तर दिलं. एकही चूक नाही! वाचून ती तडक त्याच्या टेबलापाशी गेली.

"हे तुम्ही लिहिलंत?"

तो कानापर्यंत लाल झाला. "पान बरोबर आलं, तर तुमच्याकडे यायचं कसं…"

"अहो, प्रत्येक चूक मी वर कळवते! एकोणीस झाल्यात. विसावी झाली की नोकरी जाते."

"वर… कळवता?" त्याचा चेहरा पडला. "मला कुणी सांगितलंच नाही."

"आणि मी आपली इमानेइतबारे कळवत बसले." तिचा आवाज चिरकला. "थकलेय हो मी. दिवसात तुमची तेवढी पंधरा मिनिटं बरी जायची. तीच तुमच्या मुळावर आली."

दुसऱ्या दिवशी त्याचं पान बिनचूक आलं आणि थेट पुढे गेलं. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही तेच. बिनचूक पानासाठी सहा वर्षं देव पाण्यात घालून बसलेली ती, आता रिकाम्या खुर्चीकडे बघून हिरमुसली.

पाचव्या दिवशी चार वाजता तो आला. हातात काहीच नव्हतं.

"काय चुकलं?"

"काही नाही. चूक नसताना बसलं तर… चालेल का? तीन दिवस विचारायचा धीरच होईना."

तिनं चष्मा काढला, डोळे चोळले आणि पायानंच खुर्ची त्याच्याकडे ढकलली.

"हे वर कळवणार?" त्यानं हळूच विचारलं.

"बसा हो," ती म्हणाली आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच सहाच्या आत स्क्रीन बंद केली.