अळणी पाव आणि खारट स्प्रेड

“उरलंसुरलं काही मिळेल का?”

काउंटरवर टेकलेल्या हातांना कोपरापर्यंत पीठ लागले होते. चीज कापता कापता तिने मान वर केली, ती नाकासकट. समोरच नव्याने उघडलेल्या बेकरीचा मालक होता तो.

“हे चीजचं दुकान आहे. इथे उरलंसुरलं विकत नाहीत.”

“मग फेकता?”

हा प्रश्न नेमका दुखऱ्या जागी लागला. चीज कापताना उरणारे तुकडे रोज वाया जात. दुकान आत्याचे होते आणि आत्याने कालच बजावले होते – ही नासाडी थांबली नाही, तर चीजचा काउंटर बंद करून तिथे बिस्किटांचे पुडे मांडीन! या काउंटरवर तर तिचा जीव होता.

“फेकत नाही,” ती ठसक्यात म्हणाली. “त्याचं पावाला लावायचं फ्रेंच पद्धतीचं स्प्रेड होतं. उद्या दुपारी या. पाव मात्र तुमचा आणा.”

“आणतो की... माझ्या पावाला तोड नाही.”

“माझ्या स्प्रेडलाही.”

तो हसत गेला. स्प्रेड तिने जन्मात एकदाही केलेले नव्हते. फक्त चीजचे काम शिकताना पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळे तुकडे ओट्यावर मांडले. कडक, मऊ, निळ्या बुरशीचे, अगदी नखाएवढेही. वाळलेल्या साली खरवडल्या, कडक तुकडे किसले, लसूण ठेचला, पांढऱ्या वाइनची धार सोडली, काळी मिरी भरडून टाकली. मिक्सर गुरगुरू लागला तेव्हा तिने सहज काचेतून पलीकडे पाहिले. तो कणीक मळत होता. त्याच क्षणी त्यानेही वर पाहिले... आणि पिठाचा हात हलवला. हात हलवायची काही गरज होती का? तिने घाईने मान खाली घातली, आणि सवयीने मूठभर मीठ मिक्सरमध्ये टाकले.

चाखले, आणि तिने कपाळावर हात मारला. जुन्या चीजमध्ये मीठ मुळातच मुरलेले असते, हे ती रोज गिऱ्हाइकांना ऐकवत असे!

नवे करायला एक तुकडाही शिल्लक नव्हता. दुपारी आत्या येऊन खुर्चीत बसली. पाठोपाठ तोही आला, गरम पाव घेऊन. चेहरा मात्र उतरलेला.

“तोड नसलेला पाव हाच का?” तिने विचारले.

“हाच... म्हणजे – हो, हाच.”

आत्याने पाव तोडला, स्प्रेड जाड थापले आणि डोळे मिटून चावू लागली. नंतर नुसत्या पावाचा तुकडा चावून पाहिला.

“पाव अळणी आहे,” आत्या म्हणाली. मग बोटाने नुसते स्प्रेड चाखले. “आणि हे खारट! दोघांनी ठरवून केलंत का रे?”

‘हो’ म्हणणे किती सोपे होते. पण खोट्यावर मिळालेला काउंटर तिला मिरवता आला नसता.

“नाही, आत्या. माझंच चुकलं. मीठ जास्त पडलं.”

“आणि मी घालायलाच विसरलो,” तो पुटपुटला.

आत्याने दुसरा तुकडा तोडला. मग तिसरा. “वेगवेगळे खाल्ले, तर दोन्ही टाकाऊ. एकत्र मात्र... बोटं चाटायला लावतंय! काउंटर तुझा, पोरी. पण हे दोन्ही एकत्रच विकायचं.” एवढे बोलून ती उरलेल्यातला अर्धा पाव काखोटीला मारून आत गेली.

“मीठ कसं विसरलात?” तिने हळूच विचारले.

“तुम्ही वर पाहिलंत ना... तेव्हाच घालायचं होतं.”

“मी तेव्हाच घातलं–” ती थबकली. कानशिले तापली.

“अस्सं!” तो काउंटरवर वाकला. “खरं सांगू? मला उरलंसुरलं काही नको होतं. तुम्ही रोज ताठ मानेनं चीज कापता, ते जवळून पाहायचं होतं.”

“ताकाला येऊन भांडं लपवत होता तर!”

“आता नाही लपवत. आवडता तुम्ही मला.”

तिने पुसलेलाच काउंटर पुन्हा पुसला. “उद्या परत असाच अळणी पाव हवा. जमेल?”

“न जमायला काय झालं? तू फक्त काचेतून बघ.”

‘तू’ ऐकूनही तिचे नाक वर गेले नाही. तेवढ्यात दुकानात आलेल्या एका गिऱ्हाईक बाईंनी काउंटरवरचा स्प्रेड लावलेला घास तोंडात टाकला आणि डोळे विस्फारले.

“अगं, केलंय कोणी हे?”

तिने मान ताठ केली. आज त्या मानेला दुप्पट मान होता.

“आम्ही दोघांनी.”