मागची सीट

माझी दाढ दुखायला लागली नसती, तर यातलं काहीच घडलं नसतं. ग्लायडरची स्पर्धा तीन महिन्यांवर आलेली, आणि मी दवाखान्यातल्या खुर्चीत आ वासून पडलेली. दातांचे डॉक्टर तरुण होते, आणि त्यांना भलत्याच चौकशा.

"ग्लायडर उडवता? शिकवतासुद्धा? पण त्याला इंजिन नसतं ना? मग ते वर कसं जातं?"

माझ्या तोंडात त्यांचा आरसा आणि दोन बोटं. बोलणार काय, कप्पाळ!

"आणि वर गेलेलं खाली का नाही पडत?"

शेवटी चूळ भरली आणि म्हटलं, "रविवारी मैदानावर या. तिथे माझं तोंड मोकळं असतं."

आले की हो! आणि मग दर सुट्टीच्या दिवशी येतच राहिले.

ग्लायडरमध्ये विद्यार्थी पुढे बसतो, शिक्षक मागे. त्यामुळे मी या माणसाला ओळखायला लागले ती पाठीमागून. मानेवर एक तीळ. उजव्या कानामागे कधीच न बसणारे केस. मैदानाच्या टोकाच्या यंत्राची तार आम्हाला झपकन वर ओढून न्यायची, मग सुटायची, आणि सगळं शांत... फक्त वारा आणि डॉक्टरांचे प्रश्न.

"त्या घारी तिथेच का फिरताहेत?"

"तिथे गरम हवा वर चढतेय. चला, घुसा त्यांच्यात."

"त्यांना चालेल?"

मी हसले की त्यांचे कान लाल व्हायचे. का बरं व्हायचे? तेव्हा चेहऱ्यावर काय असायचं? मला भारी उत्सुकता... पण पुढे जाऊन बघणार कशी?

स्पर्धेचं माझं ग्लायडर एका सीटचं. पाच-पाच तास एकटी उडते, मला कुणी लागत नाही, असं मी चारचौघांत ठासून सांगायचे. आणि आता बघावं तर सुट्टीची वाट बघत बसलेली! स्वतःचाच राग यायचा.

आमचा क्लब दादा चालवतो, माझा मोठा भाऊ. तिथला सगळ्यात जुना शिक्षकही तोच. मी स्पर्धेला निघायला दोन दिवस उरले होते, तेव्हा त्याने उड्डाणांची वही माझ्यापुढे आपटली.

"बाकीचे चाळिसाव्या उड्डाणाला एकटे गेले. या डॉक्टरची अडुसष्ट झाली. ठोंब्या आहे का तो?"

"छे! हात कसले हलके आहेत त्यांचे..."

"मग एकटं का सोडत नाहीस?"

"लँडिंग... जरा..."

"काय जरा? मी बघतो की. अलगद उतरवतो." त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "अगं बाई... असं आहे होय!"

संध्याकाळी ग्लायडर ठेवायच्या हँगरपाशी डॉक्टर स्वतःच आले. आज प्रश्न नाही, काही नाही.

"मी उद्यापासून येत नाही, मॅडम. मला जमत नाहीये, ते दिसतंच आहे. उगाच तुमचा वेळ... पण छान वाटलं."

हा माणूस स्वतःला नालायक समजून निघाला होता, आणि ते माझं पाप होतं.

"थांबा. तुम्हाला येतं. केव्हाच येतंय. अठ्ठावीस उड्डाणांपूर्वीच मी उतरायला हवं होतं. मला... मला ती मागची सीट सोडवत नव्हती."

"का?"

आलाच शेवटी प्रश्न!

"तुम्ही एकटे उडायला लागलात की मी कशाला लागेन तुम्हाला? आवडता तुम्ही मला! झालं समाधान?" मी चक्क ओरडले. "म्हणून तुमच्या बाबतीत माझं मत धरू नका. उद्या दादा मागे बसेल. तोच ठरवेल."

त्यांचे कान लाल झाले. या वेळी मी समोर होते. चेहराही होतो लाल, नाकाच्या शेंड्यापर्यंत.

"अठ्ठावीस," ते हळूच म्हणाले. "राग यायला हवा मला."

"आलाय?"

"उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी दादाने त्यांच्याबरोबर एक फेरी मारली, खाली उतरला, मागच्या रिकाम्या सीटचे पट्टे नीट बांधले आणि बाजूला झाला. तार ताणली. ग्लायडर वर गेलं... आणि मागे मी नव्हते. सहा मिनिटांत खाली यायला हवं होतं. दहा झाली. पंधरा झाली. साहेब वर घारींबरोबर घिरट्या घालताहेत! मी खाली नखं खात होते, त्यांच्या नावाने बोटं मोडत होते. भीती वाटत होती आणि अभिमानही.

पंचविसाव्या मिनिटाला ते उतरले. मी धावत गेले. काच उघडली.

"वर तुमची गरज नाही लागली," ते म्हणाले. "एकदाही नाही. खोटं कशाला बोलू?"

मी मान खाली घातली.

"इतकं छान होतं... अजून तासभर राहिलो असतो. पण मग वाटलं, हे सगळं तुला सांगायचंय. म्हणून उतरलो."

तुला! राग आला होता का, ते विचारायचंच राहून गेलं.

"अहो डॉक्टर!" दादा लांबून ओरडला. "ग्लायडर बाजूला घ्या, दुसरं उतरतंय!"

ग्लायडर ढकलायचं म्हणजे एकाने या पंखाला लागायचं, दुसऱ्याने त्या. पहिल्याच दिवशी शिकवते मी हे. आणि आम्ही दोघंही एकाच पंखाला लागलो! बिचारं ग्लायडर गर्रकन फिरलं आणि उलटं तोंड करून उभं राहिलं. अख्खं मैदान हसायला लागलं. दादाने कपाळाला हात लावला.

"अगं, तू तरी त्या बाजूला जा!"

मी नाही गेले. तोही नाही.