पेठच्या घाटातली पाटी

झोप येत नाही ना? मग ऐका. सावळीराम माझ्याबरोबर रस्त्याच्या कामावर मिस्त्री होता. बुधवार, अकरा डिसेंबर १९८५. रात्रीचे साडेदहा.

वळणावरच्या पाट्या तपासायला तो आमच्या इंजिनिअर देवरे साहेबांबरोबर जीपनं घाटात निघाला होता. रेडियम गाडीच्या दिव्यात चमकतं की नाही, हे अंधारातच कळतं. पाट्या एकाच वर्षी लावलेल्या. पिंपळगावकडची अजून डोळे दिपवायची. घाटातली मात्र पश्चिमेला तोंड करून उभी. चार पावसाळे थेट अंगावर घेऊन नुसता शेवाळलेला पत्रा उरला होता. ती दिसली नाही म्हणूनच सावळीरामचा पोरगा पुंजा त्या वळणावर टेम्पोसकट दरीत गेला. तेव्हापासून त्यानं नव्या पाटीसाठी सात अर्ज केले. उत्तर एकच: पाटी सात वर्षं टिकते, नियम आहे.

"साहेब, नियमाला घाटातला पाऊस लागत नाय."

"मिस्त्री, चमकली तर आठवा अर्ज करायचा नाही. कबूल?"

"चमकली तर मिशी काढतो."

वळण आलं. जीपचे दिवे फिरले.

पाटी चमकली. नव्यासारखी.

"वस्तरा आणू का?" साहेब हसले.

सावळीराम हसला नाही. दुपारीच त्यानं त्या पत्र्यावरून हात फिरवला होता. रेडियमचा कणही नव्हता.

"साहेब… दिवे बंद करा."

केले.

काळोख.

पाटी चमकतच होती.

"पुंजा…?"

नुसता वारा.

साहेबांनी जीप वळवली ती थेट नाशिकला. सकाळी शेरा लिहिला: पाटी उत्तम. बदलण्याची गरज नाही.

"मग चांगलंच की, आबा! तिथं पुन्हा कुणी मेलं नाही ना?"

नाही मेलं. पण सावळीरामनं टेबलावर मूठ आपटली. "नवी पाटी लावा, साहेब! माझं पोरगं किती पावसाळे तिथं उभं राहणार?"

साहेबांनी फाईल बंद करून कपाटात टाकली.

दुसऱ्या पहाटे आम्ही दोघं घाटात गेलो. सगळा पत्रा दवानं ओलाचिंब. मधोमध माणसाच्या पाठीएवढी जागा कोरडी. सावळीरामनं माझा हात धरून तिथं टेकवला.

उबदार होती…