भट्टी कुणी निववली?

एकोणीसशे एकोणऐंशी सालची गोष्ट. तेव्हा नोकरीसाठी बायोडाटा टाइप करून घ्यावा लागे, आणि चूक झाली की पांढरा रंग लावून वाळेपर्यंत फुंकर घालत बसावं लागे.

घड्याळजीच्या दुकानावरच्या खोलीत वहिनींचं तपासकार्यालय होतं. मदतीला धाकटे दीर. त्यांना सगळे भावजीच म्हणत. वहिनींची नजर सुरीसारखी; भावजींचं डोकं निवांत चाले.

एका सकाळी कपबश्यांचे कारखानदार आले आणि त्यांनी टेबलावर दोन बायोडाटे ठेवले.

"भट्टीप्रमुख हवाय. दोघंही पसंत पडलेत. पण हे वाक्य वाचा."

दोन्हीकडे शब्दन् शब्द तेच होतं: 'भाजलेला माल बंद भट्टीतच सावकाश निववून कपांची फूट निम्म्यावर आणली.'

"पद्धत खरी आहे. गरम मालाला घाईनं वारा लागला की कप तडकतात. पण दोघांचे जुने कारखाने वेगळे, दोन्ही बंद पडलेले, मालक वारलेले. विचारू कुणाला? थापाड्याच्या हाती भट्टी गेली तर धंदा बसेल माझा. उद्या नेमणूक करायचीय."

"एकानं दुसऱ्याचं ढापलंय, उघड आहे," भावजी म्हणाले.

"वाक्य ढापलं की काम, ते बघू," वहिनी म्हणाल्या.

दोन्ही कागदांवर एकाच टायपिंगच्या दुकानाचा शिक्का होता. दोघं तिथं पोचले, तेव्हा टायपिस्ट तपासणीसाठी टाइप केलेला कागद खणखणीत आवाजात वाचत होती. बाकावरची गिऱ्हाइकं ऐकत होती.

"बाई, जरा हळू," एक जण कळवळला. "माझे मार्क चौकापर्यंत गेले!"

वहिनींनी विचारताच टायपिस्ट फणकारली. "वाक्य माझंच आहे! लोक येतात, 'भट्टी बघत होतो' एवढंच सांगतात. मी म्हणते, त्यानं फरक काय पडला ते बोला. तेच एका ओळीत, सगळ्यांत वर लिहायचं. दोघांनी सारखं सांगितलं, मी सारखं लिहिलं."

"आधी कोण आलं?"

"एवढं कुठं लक्षात ठेवू? एकाच दुपारी आले, बाकावर शेजारी होते."

पहिला उमेदवार चकचकीत बुटांचा, हसतमुख. "पद्धत माझीच हो! पहिल्याच दिवशी जादू. दुपारी भट्टी विझवली, संध्याकाळच्या ट्रकनं माल रवाना. मालकांनी पाठ थोपटली."

"कुणाची तक्रार?"

"तक्रार कसली? सगळे खूश!"

दुसरी उमेदवार जाड भिंगांच्या चष्म्याची बाई. तिच्या खोलीत सामान बांधून ठेवलेलं होतं.

"नोकरी नाही मिळाली तर रविवारी भावाकडे जायचं. कायमचं. दोन घास मिळतील, टोमण्यांबरोबर."

"तुमची पद्धत लोकांना कशी वाटली?"

"शिव्या खाल्ल्या, दुसरं काय! भट्टी अडून राहायची. रंगवणाऱ्या बायका हात बांधून बसायच्या, ट्रक रिकामा परत जायचा. मालक मला काढायलाच निघाले होते. फुटका माल मोजला, निम्माच निघाला, तेव्हा त्यांनी विचार बदलला."

रस्त्यावर येताच भावजी म्हणाले, "बूटवाला खरा वाटतो. हिचं सगळं रडगाणंच."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळे जमले.

"वाक्य टायपिस्टबाईंचं," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. बाकावरच्यानं ऐकलं आणि आपली पाळी आल्यावर तेच सांगितलं. आता, ऐकणारा कोण?"

त्या बूटवाल्याकडे वळल्या. "दुपारी भट्टी विझली आणि संध्याकाळी माल ट्रकमध्ये. मग तो सावकाश निवला कधी? इतक्यात माल काढायचा तर दार गरम असतानाच उघडायला हवं, आणि मग कप तडकणारच. खरोखर निववणाऱ्याचा माल उशिराच निघतो. खोळंबा होतो, बोलणी बसतात. बायोडाट्यात फायदा लिहितात. त्यापायी काय सोसलं ते कुणी लिहीत नाही. तुम्ही बाकावर फायदा तेवढा ऐकलात."

"अहो, बायोडाट्यात थोडं इकडंतिकडं चालतंच की!"

"कागदावर चालत असेल," कारखानदार म्हणाले. "भट्टीत नाही चालत." मग भिंगवालीला म्हणाले, "बाई, सोमवारपासून या. बांधलेलं सामान सोडा."

"म्हणजे शिव्या हाच दाखला!" भावजी थक्क झाले.

बूटवाला पुढे विमा विकू लागला आणि चांगला गबर झाला. टायपिस्टनं टायपिंगची शिकवणी काढली, ती खूप चालली. कारखानदारांनी म्हातारपणी धंदा मुलीकडे सोपवला. वहिनी गेल्या, त्यानंतरही भावजी रोज खोली उघडून संध्याकाळपर्यंत बसत.

भिंगवाली बाई निवृत्तीपर्यंत भट्टीप्रमुख राहिली. मध्ये भावाची नोकरी गेली, तेव्हा तो बायकामुलांसह तिच्याकडे राहायला आला. तिनं त्याला पुढची खोली दिली आणि स्वतः स्वयंपाकघरात अंथरूण घातलं.