कन्नड अक्षरांतले गंधकराव

कावेरीला बसवंत पाटील आधी दिसला नाही, आधी त्याचा वास आला.

सडक्या अंड्यांचा वास. रजिस्टरात मान घालून बसलेल्या कावेरीने पदर नाकाला लावला आणि वर पाहिलं. काउंटरपलीकडे एक उंच, हडकुळा तरुण उभा होता. बोटांवर पिवळे डाग, कपाळावर खडूचा पट्टा, आणि चेहरा परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा.

"एक पुस्तक हवं होतं..."

"आधी खिडकीकडे सरका," ती म्हणाली. "मग पुस्तक."

तो मुकाट्याने सरकला. "माफ करा हं. प्रयोगशाळेतून तसाच आलो. टिपू सुलतानच्या अग्निबाणांवर काही आहे?"

"तुम्ही रसायनाचे नवे लेक्चरर ना?"

"होतो. सकाळी दहापर्यंत. मग त्या गुरुराजने उभं राहून विचारलं, सर, तुमच्या हातात हा जो सोरा आहे तोच टिपूच्या बाणांत भरायचे ना? इतिहासाच्या सरांना माहीत नाही, तुम्हाला असेल. तेव्हापासून मी विद्यार्थी आहे." त्याने सुस्कारा सोडला. "स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही त्या मुलाला. हे असलं येतं कुठून त्याच्या डोक्यात?"

"हल्लीची मुलं फार वाचतात," कावेरी म्हणाली आणि हसू लपवायला पुस्तकाच्या कपाटामागे गेली.

हे सगळं बोलणं कन्नडात झालं, बरं का. बसवंत म्हणजे बसवण्णाच्या नावाचा, त्यात आडनाव पाटील आणि बोलण्याला धारवाडी हेल. कावेरीने त्याला तिकडचा कन्नड माणूस ठरवून टाकलं. आणि कावेरी हे तर नदीचंच नाव, तीही इथली! त्यानेही तिला कन्नड ठरवलं. दोघं आपापल्या घरी आईशी मराठीत भांडत असतील, अशी शंका दोघांनाही आली नाही. पुढे दोन महिने रोज अर्धा तास ती दोघं परक्या भाषेत, परक्या माणसासारखी, फार जपून बोलत राहिली.

इंटर जाऊन पी.यू.सी. नावाचा नवा वर्ग आला त्या सुमाराची ही गोष्ट. बेंगळुरात, बसवनगुडीतल्या त्या कॉलेजात ग्रंथालयाची खोली बरोबर मध्ये होती. डाव्या भिंतीपलीकडे संस्कृत, उजव्या भिंतीपलीकडे रसायन, आणि दोन्ही भिंतींना वर झरोके. कावेरी शाळेची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाली होती, पण कॉलेजात घरातून एकालाच पाठवायचं ठरलं आणि तो एक तिचा भाऊ निघाला. ती ग्रंथालयात तात्पुरती मदतनीस म्हणून लागली. प्राचार्यांची सही दर सहामाहीला झाली तर नोकरी, नाहीतर घर. पण झरोके होते! डाव्या कानाने ती संस्कृत शिकली, उजव्या कानाने रसायन, आणि मधल्या वेळात कपाटातलं उरलेलं सगळं.

एक दिवस डावीकडे प्राचार्य भीमाचार्य सांगत होते, अ आणि इ जवळ आले, दोघेही नाहीसे झाले, ए उरला. त्याच घटकेला उजवीकडून ऐकू आलं, पाण्याला आग लावणारा सोडियम आणि छाती जाळणारा क्लोरीन एकत्र आले, दोघेही गेले, जेवणातलं मीठ उरलं.

"अय्यो," कावेरी स्वतःशीच म्हणाली, "हे तर एकच की!"

पण सांगणार कुणाला? पहिल्या वर्षाची पोरं देवळाबाहेर चपला काढाव्यात तसा आधीचा विषय दाराबाहेर काढून पुढच्या वर्गात शिरायची. गणितात समीकरण सोडवायची आणि रसायनात समीकरण दिसलं की रडायची. मग तिने चिठ्ठ्या लिहायला सुरुवात केली. सुबक इंग्रजीत, नाव न घालता. 'हे जमत नसेल तर बीजगणिताचं पान बावन्न बघ, युक्ती तीच आहे.' 'हा सोरा आणि इतिहासातले अग्निबाण, दोन्ही शेजारी ठेवून वाच.' चिठ्ठी पडू नये म्हणून घरून कणकेची खळ करून आणायची आणि त्या त्या पानावर चिकटवायची.

पुस्तकात काहीही चिकटवायला सक्त मनाई होती. तो नियम काउंटरवरच टांगलेला होता, आणि पाटी रंगवली होती कावेरीनेच.

आता चूक कुठे झाली ते सांगते. कावेरीच्या घराण्याला बेंगळुरात तीनशे वर्षं झालेली. भाषा मराठीच राहिली, पण अक्षरं शाळेने दिली ती कन्नड. आरती, लोणच्याची कृती, मावशीची पत्रं, सगळं मराठीत आणि सगळं कन्नड लिपीत! कन्नड माणसाला वाचता येईल पण कळणार नाही, पुण्याच्या माणसाला कळेल पण वाचता येणार नाही. कुलुपाहून पक्की सोय. म्हणून एका दुपारी तिने मनातलं चार ओळींत लिहून काढलं, कागद समोरच्या संस्कृत व्याकरणात खुपसला, आणि तेवढ्यात प्राचार्यांनी मागवलं म्हणून तेच पुस्तक शिपाई घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. कावेरीला, आणि बसवंतलाही.

भीमाचार्यांच्या टेबलावर सात पुस्तकं उघडी होती. खळीच्या वासाने कसर लागून पानांची चाळण झालेली. बाजूला चिठ्ठ्यांचा ढीग, आणि सगळ्यांत वर तो कागद.

"ही काही गुप्त भाषा आहे," भीमाचार्य चष्मा सारखा करत म्हणाले. "अक्षरं आपली, पण अर्थ नाही. पाटील, यात तुमचा विषय दिसतो. ऐका." आणि त्यांनी वेदपठण करावं तशा खणखणीत आवाजात सुरुवात केली, "गंधकरा... वफळ्या... शीबोल... तात..."

कावेरीने हातातलं रजिस्टर छातीशी घट्ट धरलं.

"...मुलांशी नाही. कुणी तरीसां... गावंस्व... ल्पवळून बोला. 'स्वल्प' हा शब्द शुद्ध आहे. आणि निळास... दराघा... लूनका, माझंलक्ष पुस्तका... तराहत नाही." त्यांनी कागद खाली ठेवला. "गंधक आहे, नीळ आहे, लक्ष आहे, पुस्तक आहे. एक लक्ष पुस्तकं? काय प्रकार आहे?"

कावेरीने देवाचे आभार मानले की या खोलीत कुणालाही... आणि तिची नजर बसवंतकडे गेली.

त्याचे कान लालभडक झाले होते.

कळलं होतं! सगळं कळलं होतं! गंधकराव फळ्याशी बोलतात, मुलांशी नाही. कुणीतरी सांगावं, स्वल्प वळून बोला. आणि निळा सदरा घालू नका, माझं लक्ष पुस्तकात राहत नाही. कावेरीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि कॉलेजासकट आपल्याला पोटात घ्यावं.

"मोरचूद, सर," बसवंत म्हणाला. घसा खाकरला. "गंधकापासून होतो. निळा असतो. म्हणजे... निळा रंग दिसला की लक्ष द्यावं, अशी सूचना आहे."

"लक्ष द्यावं! उत्तम. लिहिलं कुणी? आणि ही खळ कुणाची? ग्रंथालयातलं कुणी असेल तर आजच घरी जाईल."

बसवंतने एकदा कावेरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मी, सर. सगळं माझंच."

भीमाचार्यांनी चिठ्ठ्यांचा ढीग पुन्हा एकदा चाळला. "खळ वाईट. पण बुद्धी चांगली. येत्या शनिवारी पहिल्या वर्षाची सगळी मुलं ग्रंथालयात बसवा आणि हे विषय जोडण्याचं काम तोंडाने करा. मी मागे बसेन."

बाहेर व्हरांड्यात येताच तो थांबला आणि चक्क मराठीत म्हणाला, "नमस्कार. मी गंधकराव. मुक्काम खानापूर, जिल्हा बेळगाव."

"दोन महिने!" कावेरी म्हणाली. "दोन महिने कन्नड झोडत होता माझ्याशी!"

"आणि तुम्ही? मी मेला शब्द जुळवत बसायचो रात्रीचा, उद्या हिच्याशी काय बोलू म्हणून. मराठीत असतं तर पहिल्याच दिवशी..." तो अडखळला.

"पहिल्याच दिवशी काय?"

"काही नाही. नोकरी वाचली की नाही तुमची?"

कावेरीने मान हलवली. मग तिचा स्वर बदलला. "वाचली. माझा गुन्हा घेतलात, उपकार झाले. पण त्याबरोबर माझं डोकंही घेतलंत की हो. दोन वर्षं दोन्ही कान लावून मी जे जमवलं, ते आता पाटील सरांचं झालं."

त्याला हे सुचलंच नव्हतं. त्याचा चेहरा असा पडला की तिलाच वाईट वाटलं. "आत जाऊन खरं सांगतो," तो म्हणाला.

"नको!" ती घाईने म्हणाली. नोकरी गेली की झरोकेही गेले. आणि झरोके गेले की... उजवीकडचा आवाजही गेला.

दुसऱ्या दिवशी बसवंत निळा सदरा घालून आला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "एकच सदरा आहे काय तुमच्याकडे?"

"चार आहेत. तीन निळे नाहीत, मग घालून काय उपयोग?"

"माझी आठ कार्डं चुकली आज."

"मोजताय म्हणजे लक्ष आहे," तो म्हणाला आणि एकही पुस्तक न घेता निघून गेला. मात्र उजव्या झरोक्यातून त्या दिवशी त्याचा आवाज स्पष्ट आला. तो मुलांकडे वळून बोलत होता.

शनिवार उजाडला. ग्रंथालयात चाळीस मुलं, मागच्या खुर्चीत भीमाचार्य, आणि काउंटरमागे नुसती बसलेली कावेरी. सोरा आणि अग्निबाण बरे झाले. समीकरणंही झाली. मग गुरुराज उठला.

"सर, मीठ म्हणजे संधी, असं चिठ्ठीत होतं. अ आणि इ गेले, ए आला. समजलं. पण अ आणि अ भेटले तर? दोघेही सारखेच. मग नवीन काय झालं?"

संस्कृत बसवंतने शाळेतच सोडून दिलं होतं. त्याने खडू उचलला आणि नकळत फळ्याकडे वळला. मागे भीमाचार्यांनी चष्मा काढला.

कावेरीला दोनच गोष्टी दिसत होत्या. गप्प राहिलं तर सहामाहीची सही. बोललं तर हा प्रश्न, जो दोन वर्षांपूर्वी तिला स्वतःला पडला होता आणि ज्याचं उत्तर तिने एकटीने, तीन पावसाळी दुपारी घालवून शोधलं होतं. ते आता कुणाच्याही कामाला न येता फळ्यासमोर मरणार होतं.

ती उठून उभी राहिली.

"ऑक्सिजनचा एक अणू एकटा राहत नाही," ती म्हणाली. "तो दुसरा ऑक्सिजनच शोधतो. दोघं मिळाले की तुम्ही श्वासात घेता तो वायू होतो. नाव तेच राहतं. अ आणि अ मिळून आ होतो, तसंच ते."

"मग बदललं काय, अक्का?"

"एकटा होता तेव्हा ऱ्हस्व होता," कावेरी म्हणाली. "आता दीर्घ झाला."

गुरुराज हळूच खाली बसला. बसवंत फळ्यापासून वळून तिच्याकडे बघत राहिला होता, इतका की खडू हातातून पडला तरी त्याला कळलं नाही.

भीमाचार्य उभे राहिले. "चिठ्ठ्या कुणाच्या?"

"माझ्या, सर. सगळ्या. खळही माझीच."

"ती गंधकाचीही?"

"तीही."

"पण पाटील म्हणाले, मोरचूद."

"पाटील खोटं बोलले."

चाळीस मुलं एकदम ताठ बसली. असला वर्ग त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

"मग खरा अर्थ सांगा. इथेच. जोडण्याचाच तास आहे."

कावेरीने डोळे मिटले आणि कन्नडात सांगितलं. फळ्याचं सांगितलं, वळण्याचं सांगितलं, आणि थांबली.

"पुढे नीळ आहे," भीमाचार्य म्हणाले. "वगळू नका. अपुरं भाषांतर मला चालत नाही."

"पुढे... की त्यांनी निळा सदरा घालून येऊ नये. माझं लक्ष पुस्तकात राहत नाही."

चाळीस डोकी निळ्या सदऱ्याकडे वळली. मग जो हलकल्लोळ झाला त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. भीमाचार्यांनी टेबलावर पुस्तक आपटलं तेव्हा कुठे तो थांबला.

"पुस्तकांना खळ लावणारी व्यक्ती," ते संथपणे म्हणाले, "मी ग्रंथालयात मोकळी सोडू शकत नाही."

कावेरीने मान खाली घातली. दोन्ही झरोके तिच्या डोळ्यांसमोर मिटले.

"तिला नजरेखाली ठेवावं लागेल. म्हणून दर शनिवारी हा वर्ग ती घेईल आणि मी मागे बसेन. सहामाहीची सही सोमवारी घेऊन जा. खळीचं भांडं माझ्याकडे जमा करा." दारापाशी ते थांबले. "आणि ती लिपी-भाषेची सोय चांगली आहे. मला शिकवा. पुढच्या वेळी वाचताना मान राहील."

मुलं पांगली. गुरुराज सगळ्यांत शेवटी गेला, तीनदा मागे वळून बघत.

बसवंत काउंटरपाशी आला. कोपर टेकून उभा राहिला, मग कोपर काढलं, मग पुन्हा टेकलं.

"तुमच्या घरी... कुणाला भेटायचं असतं?"

"अप्पांना. नरसिंहराव. रविवारी सकाळी घरीच असतात."

"ते जिल्हा बेळगाव बघून काय म्हणतील?"

"मराठीत विचारा," कावेरी म्हणाली. "आमच्या दारात दूधवाला कन्नडात बोलतो, पोस्टमन कन्नडात, भिकारीसुद्धा कन्नडात मागतो. मी जन्मल्यापासून आमच्या दारात उभं राहून कुणी मराठीत काही मागितलेलं नाही. अप्पा आधी रडतील. मग जेवायला वाढायला सांगतील. मग काय मागितलंत ते विचारतील."

"आणि मग देतील?"

"ते तुमच्या मराठीवर आहे."

तो हसला. मग हसायचा थांबला आणि अगदी जवळून, अगदी हळू म्हणाला, "अप्पांना रविवारी विचारतो. पण आधी तुम्हाला. शुद्ध मराठीत, नीट समोर बघून. कावेरी... माझ्याशी लग्न कराल?"

कावेरीने तोंड उघडलं. होय म्हणायचं होतं, होच म्हणायचं होतं, तीनशे वर्षं जपलेल्या भाषेत काहीतरी छानसं म्हणायचं होतं. पण खरंच मनापासून काही कबूल करायची वेळ आली तेव्हा जिभेवर तोच कन्नड होकार आला जो गल्लीत, बाजारात, खेळताना लहानपणापासून आलेला होता.

"सरी," ती म्हणाली.